प्रिंटला क्लिअर येतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, धाकट्या बहिणीला तर नाहीच नाही. अंबाबाईपुढं कितीदा हात जोडले असतील, पण हा विषय मनात आला की मी डोळे उघडायचे आणि प्रसाद घेऊन बाहेर पडायचे. तिला काय सांगायचं — तिला माहीत असणारच. तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. आणि आधीच सांगून ठेवते, मी रडणार नाही. रडणारी बाई बघायची असेल तर दुसरीकडं जावा.

माझं कोल्हापुरात, शाहूपुरीत, डीटीपीचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पंखा, जो फक्त गिऱ्हाइकाच्या अंगावर वारा घालतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, वाढदिवसाचे बोर्ड — सगळं करते. पण माझं नाव झालंय ते एका गोष्टीसाठी. फोटो धुरकट यायला लागला की आजूबाजूचे प्रेसवालेसुद्धा म्हणतात, मंगलताईकडं न्या, ती सांगंल कुठं घोळ झालाय. आणि मी सांगते. बघितल्या बघितल्या सांगते.

गिऱ्हाईक येतं ते भांडणाच्या तयारीनंच. "ताई, मोबाईलवर बघा की कसा झ्याक दिसतोय, आणि तुमच्यात आला की फुटतोय!" मग मी त्याला खुर्ची देते. अहो, मोबाईलवर झ्याक दिसणारच, तळहाताएवढा पडदा आहे तो. तुम्ही फोटो पाहुण्याला पाठवला, पाहुण्यानं मेहुण्याला, मेहुण्यानं मला — दर वेळी त्यातलं थोडं गळत आलं. आता उरलंय त्यावर चार फुटांचा बोर्ड करा म्हणताय, कसा होणार? कधी फोटो चांगला असतो, पण ऑपरेटरनं ओढून ओढून मोठा केलेला असतो. कधी सगळंच ठीक असतं, फक्त मशीन जुनं म्हणून सॉफ्टवेअर पडद्यावर कच्चा फोटो दाखवतं आणि छापल्यावर तोच छान येतो. आणि कधी — हे तर रोजचंच — फोटो पानावर नसतोच.

हे जरा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही फोटो ठेवता तेव्हा खरा फोटो पानावर येत नाही. येते त्याची एक पातळ नक्कल, जागा कळावी म्हणून. खरा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि पान फक्त त्याचा पत्ता धरून बसलेलं असतं. छापायच्या वेळी सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जातं, खरा फोटो उचलतं आणि छापतं. त्याला आम्ही लिंक म्हणतो. कुणी फोटो इकडचा तिकडं हलवला की लिंक तुटते आणि कडेला तांबडं प्रश्नचिन्ह येतं. ते कुणी बघितलं नाही तर ती पातळ नक्कलच छापली जाते. मग माणूस ओळखू आला तर आला.

म्हणून मी गिऱ्हाइकाला एक सांगते — फोटो आपोआप धुरकट होत नसतो. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं ते केलेलं नसतं. हे मी इतक्या ठसक्यात बोलते की लोक माना डोलावतात. हिला एवढी खात्री कशी, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

आता मागं जाऊ. पंधरा वर्षं तरी झाली असतील. तेव्हा हे दुकान नव्हतं, मी इथंच कोल्हापुरात दुसऱ्याच्या प्रेसमध्ये ऑपरेटर होते, रोज एसटीनं यायचे. राहायला आम्ही वारणानगरला, कामगारांच्या कॉलनीत. वडील — आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो — साखर कारखान्यात होते. आई लवकर गेली. घरात आप्पा, मी आणि सुवर्णा. सुवर्णा माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या वह्यांना कव्हरं मी घातली, तिची पाळी सुरू झाली तेव्हा तिला जवळ घेऊन मी समजावलं. माझा मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. ती माझ्यावर किती विसंबून होती ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

मी एकोणतीस वर्षांची झाले होते. बघायला किती जण येऊन गेले ते मोजलं नाही म्हणाले तर खोटं होईल. सात. सातही ठिकाणची माणसं आली, खाऊनपिऊन, आप्पांशी उसाच्या गप्पा मारून, "कळवतो" म्हणून गेली. सातवे पेठ वडगावचे. निघताना चपलेत पाय घालता घालता त्यांच्यातल्या बाईनं आप्पांना विचारलं, "आणि मघाशी पाणी घिऊन आलती ती कोण? तिचं बघताय काय?" मी दाराआड नव्हते हो. समोर उभी होते. सुवर्णा त्या बाईला आठवडाभर शिव्या घालत होती, माझ्या बाजूनं. मला त्या शिव्या ऐकवत नव्हत्या. तिला शिव्या घालायला काय जात होतं?

त्याच वर्षी आमच्या समाजाचा वधू-वर मेळावा कोल्हापुरात भरणार होता आणि त्याची परिचय पुस्तिका आमच्या प्रेसला आली. ज्यांनी तसली पुस्तिका बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते — एका पानावर सहा जण. डावीकडं फोटो, उजवीकडं नाव, उंची, शिक्षण, रास, देवक, मामाचं गाव, अपेक्षा. प्रत्यक्ष मेळाव्याला येतात थोडे, पण पुस्तिका जाते घराघरात. लोक सोप्यात बसून, हातात पेन घेऊन, खुणा करत बघतात. आप्पांनी आम्हा दोघींचे फॉर्म एकदमच भरले. "दोघींचं एका मांडवात उरकलं की मी मोकळा," असं ते कॉलनीत सांगत फिरत होते. फॉर्म एकदम भरले म्हणून नंबर लागोपाठ पडले. एकाच पानावर, वर मी आणि खाली सुवर्णा.

फोटोही एकाच दिवशी काढले, पेठ वडगावला, शिकलगार काकांच्या स्टुडिओत. म्हातारा माणूस, सगळं स्वतः करायचा. निळा पडदा, एक खुर्ची. आईची एकच भारी साडी होती, मोरपंखी. आधी मी नेसले, माझा फोटो झाला, मग आत जाऊन तीच सुवर्णाला नेसवली. निऱ्या मीच घातल्या. तिचा फोटो इतका सुरेख आला की काका आप्पांना म्हणाले, "हा दुकानाच्या काचंत लावू का?" आप्पा नको नको म्हणाले, पण घरी येईपर्यंत तेच बोलत होते. आम्हाला दोघींच्या फोटोंची सीडी दिली. ती मीच प्रेसवर नेली.

बघा, मी हळूहळू येतेय तिथं. एकदम सांगायला — नाही जमत. इतकी वर्षं तोंड मिटून ठेवलं की ते उघडायलाही सवय लागते.

पुस्तिकेची पानं मीच लावत होते. आमचं पान लावून झालं तेव्हा मी सुवर्णाचा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढून प्रेसमधल्या बायकांना दाखवला. कौतुकानं दाखवला, हे खरं आहे. बघा माझी बहीण, म्हणून. आणि परत जागेवर ठेवायला विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी पानाची प्रिंट काढली तर पाच फोटो ठीक आणि सुवर्णाचा धुरकट. लिंक तुटली होती.

इथंच थांबता आलं असतं तर? चुकून झालं म्हणायला जागा होती. कित्येक वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आले — लिंक तुटली होती गं मंगल, तुझा काय दोष. पण ती तुटलेली मला दिसली की! तांबडं प्रश्नचिन्ह दिसलं. जोडायला किती वेळ लागतो? फोटो कुठं आहे ते दाखवायचं आणि ओके म्हणायचं. मी तशीच बसून राहिले, प्रिंट हातात धरून. वर मी. खाली सुवर्णा — म्हणजे सुवर्णा नव्हेच, मोरपंखी रंगावर नुसता पिठाचा गोळा. आणि माझ्या मनात काय आलं? शब्द नाही आला एकही. बरं वाटलं. एवढंच. दोघींना एकत्र बघताना लोक आधी माझ्याकडं बघतील, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि बरं वाटलं.

मग काय केलं ते ऐका. लिंक तशीच तुटकी ठेवली असती तर मालकांना कळलं असतं. छपाईला सोडायच्या आधी ते तांबडी चिन्हं स्वतः बघायचे. म्हणून मी सुवर्णाच्या फोटोची एक बारकी प्रत केली, नखाएवढी. तिला मूळ फोटोचंच नाव दिलं, मूळ फोटो होता त्या जागी ठेवली आणि ओढून चौकटीत भरली. झालं. प्रश्नचिन्ह गेलं. सॉफ्टवेअरच्या लेखी सगळं व्यवस्थित. खरा फोटो मशीनवरून पुसला आणि सीडी पर्समध्ये टाकली. जाणूनबुजून केलं. ताप नव्हता, डोकं ठिकाणावर होतं, सकाळचा चहाही झाला होता. आणि त्यानंतर अर्धा तास मी माझ्या स्वतःच्या फोटोवर बसले. गालावरचे फोड काढले, डोळ्यांखालचं काळं उजळलं.

जळली म्हणा. हो, जळले. त्याला दुसरा बरा शब्द शोधत मी बसणार नाही.

आता सगळ्यात वाईट. हे ऐकताना तुम्ही उठून गेलात तरी चालेल.

आमच्या धंद्यात प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घेतात. सही झाली की मग चूक प्रेसची नाही, गिऱ्हाइकाची. मेळाव्याच्या समितीनं नियमच केला होता, ज्यानं त्यानं येऊन आपापली माहिती वाचायची आणि सही करायची. सुवर्णा एसटीनं आली. मी घरी विसरलेला डबाही घेऊन आली. खुर्ची ओढून बसली आणि आधी काय वाचलं असेल? माझी माहिती. "ताई, तुझी उंची एक इंच कमी पडलीया बघ," म्हणाली आणि पेनानं दुरुस्त केली. मग स्वतःची वाचली. मग फोटोवर बोट ठेवलं. "माझाच का गं असा धुरकट?"

मी म्हणाले, "कच्चं प्रूफ हाय हे. प्रिंटला क्लिअर येतो."

हे वाक्य आमच्यात दिवसातून दहादा बोललं जातं. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं, म्हणून तर लोक ऐकतात. त्या दिवशी ते खोटं होतं आणि हे सगळ्या कोल्हापुरात एकट्या मला माहीत होतं. "मग ठीक हाय की," म्हणाली ती. सही नुसती फरफटवली नाही, पूर्ण नाव लिहिलं, शाळेतल्या वळणदार अक्षरात. दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी काय केलं असतं? दुसऱ्यांदा खोटं बोलले असते. उगाच कशाला स्वतःला चांगलं म्हणवून घेऊ!

पुस्तिका घरी आली तो रविवार होता. आप्पांनी चष्मा लावून पान काढलं, मग खिडकीशी नेलं, लांब धरलं, जवळ धरलं. सुवर्णानं त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि हसायलाच लागली. "आप्पा, भूत दिसतंय की ओ!" पोट धरून हसली. पण जेवायला बसलो तेव्हा तिनं भाकरी नुसती मोडून ताटात ठेवली. आप्पा मला म्हणाले, "तुझ्या हातात हुतं की गं मंगल." रागानं नाही, नुसतंच. आणि मी — जीभ कशी वळते बघा — मी म्हणाले, "मी काय करू आप्पा? फोटोच हलल्याला हुता. स्टुडिओवाल्याची चूक."

दुसऱ्या दिवशी आप्पा मला घेऊन पेठ वडगावला गेले. शिकलगार काकांकडं दोन बायका लेकरांचे फोटो काढायला आल्या होत्या. त्यांच्यादेखत आप्पांनी पुस्तिका काउंटरवर आपटली. "माझ्या पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय आणि तुमी हलल्याला फोटो देता व्हय?" काकांनी पुस्तिका उचलली, ड्रॉवरमधून भिंग काढलं, बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं का? आयुष्यभर फोटो काढणाऱ्या माणसाला हललेला फोटो कोणता आणि ओढलेला कोणता, हे कळत नसेल? त्यांच्या मशीनवर मूळ फोटो असणारच. तो उघडून आप्पांना दाखवला असता तर मी तिथल्या तिथं उघडी पडले असते. नाही दाखवला. म्हणाले, "चुकलं आसंल माझं. पोरीला पाठवून द्या, परत काढतो." लेकरांच्या आया बघत होत्या. मी आप्पांच्या मागं उभी होते, आणि सीडी तेव्हाही माझ्या खांद्याच्या पर्समध्ये होती.

पुस्तिका बघून माझ्यासाठी चार ठिकाणांहून फोन आले. सुवर्णासाठी एकही नाही. त्या चारांतलं एक जयसिंगपूरचं. मुलगा नोकरीला कोल्हापुरात, बोलका, हसरा. बघायला आले, पसंती झाली, दोन महिन्यांत लग्न. माझ्या लग्नात सगळ्यात जास्त राबली ती सुवर्णा. माझ्या हातावर मेंदी तिनं काढली. एका मांडवात दोघींचं — ते तेवढं राहिलं. आप्पा म्हणाले, धाकटीचं पुढच्या साली करू.

पुढच्या साली काकांनी काढलेला नवा फोटो होता, लख्ख. मी स्वतः लावला, चारचारदा तपासून. मला वाटलं, झालं, मिटलं. पण आपल्या लोकांचं डोकं कसं चालतं ते त्यांच्याच पत्रिका छापणाऱ्या मला कळायला हवं होतं. आदल्या वर्षीची पुस्तिका घराघरात होती. लोकांनी त्या धुरकट फोटोचा अर्थ लावला. सख्ख्या बहिणी, थोरलीचा फोटो आरशासारखा आणि धाकटीचा पुसट — म्हणजे घरचेच काहीतरी झाकतायत! कुणीतरी म्हणालं, तोंडावर कोड आहे, पांढरे डाग. दुसरं म्हणालं, भाजलंय लहानपणी. आणि नवा फोटो बघून म्हणाले, हॅट्, आजकाल कॉम्प्युटरवर काय बी करत्यात, आणि थोरली त्याच धंद्यात हाय. माझ्याच सासरी, हळदी-कुंकवाला, एका मावशीनं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सुवर्णाचं कुठवर पसरलंय गं?"

कोड असतं तरी काय बिघडलं असतं? पण नव्हतं हो. नव्हतंच. मला एकच वाक्य बोलायचं होतं — तो फोटो मी बिघडवला. घरभर बायका होत्या, जयसिंगपुरातल्या निम्म्या घरांत संध्याकाळपर्यंत पोचलं असतं. मी काय म्हणाले? "तसलं काय न्हाय मावशी, लोक काय बी बोलत्यात." आणि तेही इतक्या पडलेल्या आवाजात की मावशीची खात्रीच पटली असणार. वाणाचं ताट उचललं आणि आत बायकांत गेले. पोटात सई होती, सासर नवं होतं, नवऱ्याला कळलं तर काय म्हणेल — भ्याले. फोटोचं केलं ते जळून केलं, पण हे भिऊन केलं. कुठलं जास्त वाईट ते तुम्ही ठरवा, मी ठरवून ठेवलंय.

आणखी तीन मेळावे झाले. मग सुवर्णाच आप्पांना म्हणाली, "बास आता, माझं नाव घालू नका."

सई पहिलीत असताना आम्ही दिवाळीला जयसिंगपूरला गेलो होतो. सासूबाई ट्रंक साफ करत होत्या. त्यात ती पुस्तिका निघाली. "ही बघ, हितनंच तुला हुडकली," म्हणाल्या आणि हौसेनं पान काढून दाखवलं. सुवर्णाच्या नंबराभोवती निळ्या शाईचा गोल होता. त्या गोलावर काट होती. आणि वर माझ्या नंबराशी बरोबरची खूण. सासूबाईंना त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, त्यांच्या लेखी गंमतच ती. "आमी आदी धाकटीलाच बघणार हुतो बघ. बी.एस्सी. हुती, रास जुळत हुती. ह्यानंच तर गोल मारलाता," — ह्यानं म्हणजे माझ्या नवऱ्यानं — "पर फोटोच दिसंना. तुझं मामंजी म्हणालं, फोटो असा देत्यात म्हंजी कायतरी असणार, थोरलीचंच इचारूया." मी "व्हय?" म्हणाले आणि साड्यांच्या घड्या घालत राहिले. दुसरं काय करणार होते?

तोवर मला वाटत होतं, मी बहिणीची एक संधी घालवली. त्या दिवशी कळलं, घालवली नव्हती. मी घेतली होती.

सुवर्णा आजही वारणानगरलाच असते. एका शाळेत क्लार्क आहे. आप्पांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांचं सगळं तिनं केलं. मला फोन करायची तो ये म्हणायला नाही, "येऊ नको, सईची परीक्षा हाय" म्हणायला. स्कूटर उडवत फिरते, मोठमोठ्यानं हसते, कॉलनीतल्या पोरींना गणित शिकवते. लोक म्हणतात, किती सुखात आहे बघा, लग्न करून तरी काय मिळालं असतं. हे वाक्य मीही तोंडात घोळवून बघितलं. गोड लागतं. पण गिळलं नाही. ती सुखात आहे ती तिच्या हिमतीवर, त्यात माझं काही नाही. तिला लग्न करायचं होतं. फॉर्मवर 'अपेक्षा' या रकान्यात बाकीच्या मुली लिहितात नोकरदार, निर्व्यसनी, स्वतःचं घर. तिनं लिहिलं होतं — 'मनमोकळ्या स्वभावाचा'. मीच टाईप केलं होतं. आणि माझा नवरा मनमोकळ्या स्वभावाचा आहे.

दोष लोकांचाही आहे, त्यांना मी सोडत नाही. काडेपेटीएवढ्या फोटोवरून पोरीचं आयुष्य ठरवणारी ही माणसं! आजही मेळाव्याची पुस्तिका माझ्याकडं येते आणि मी समितीच्या लोकांना तोंडावर बोलते. पण त्यांच्या हातात तो फोटो दिला कुणी? तेव्हा समितीतलं कुणी माझ्या खुर्चीवर बसलेलं नव्हतं.

रविवारी सुवर्णा आमच्याकडं येते. माझ्या नवऱ्याला दाजी म्हणते. पेठांच्या फुटबॉलवरून दोघांची जुंपते, दोघांच्या टीम वेगळ्या, सगळी गल्ली ऐकते. मी स्वयंपाकघरात असते. दोघांचं फार पटतं. कधी कधी इतकं पटतं की माझ्या हातातलं लाटणं थांबतं. त्यांच्या मनात काही नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मनात आहे ते माझ्याच.

पश्चात्ताप होतो का? फोटोचा होतो. तिनं वळणदार अक्षरात नाव लिहिलं त्याचा होतो. शिकलगार काका गेले, त्यांच्यापुढं तोंड उघडायचं राहिलं, त्याचा होतो. हळदी-कुंकवाचा तर इतका होतो की — जाऊ दे, तो माझा मी बघेन. पण परत मला त्या खुर्चीवर बसवलं, तीच प्रिंट हातात दिली, पुढचं सगळं दाखवलं — हा माणूस, सई, हे घर — आणि विचारलं, बोल, लिंक जोडतेस का? नाही जोडणार. वाईट वाटलं ऐकून? वाटू दे. तुमच्या समाधानासाठी मी 'जोडली असती' म्हणणार नाही. सई नसलेलं आयुष्य मला नको. बहिणीच्या वाटणीचं मी घेतलं आणि ते मी सोडणार नाही.

माफी मागत नाही. तुमच्याकडं मागायचा प्रश्न नाही, तुमचं मी काही बिघडवलेलं नाही. तिच्याकडंही मागणार नाही. ती देऊन टाकेल, हसत देईल, मला माहीत आहे ना ती कशी आहे! मग तिच्याकडून घेतलेल्या गोष्टींत आणखी एक वाढेल.

हे छापून आलं की तिला कळेल. नवऱ्याला कळेल, सईला कळेल, जयसिंगपूरला, कॉलनीत, सगळ्यांना कळेल. मुद्दामच नावं बदललेली नाहीत, माझं नाही आणि तिचंही नाही. हळदी-कुंकवाला त्या मावशीपुढं जे बोलले नाही ते आता बोलते. तो फोटो मी बिघडवला. सुवर्णाच्या तोंडावर डाग नव्हता. तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.